भारतीय भूपट्टाच्या कडेचे भूकंप: रोजची नोंद नेमकी कशी ठेवावी?

प्रश्न: रेघोट्या

नमस्कार मंडळी. महाविद्यालयाच्या भूगोल विभागासाठी एक फलक करतोय. मकरान (पाकिस्तान-इराणचा किनारा), हिंदुकुश, हिमालय, म्यानमार आणि अंदमान-सुमात्रा या पट्ट्यांतले भूकंप रोज आपोआप उतरवून नकाशावर दाखवायचे, शिवाय गेल्या वीस-पंचवीस वर्षांची तुलनाही द्यायची. पायथॉन कामापुरतं येतं. सध्या यूएसजीएस या अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या सेवेकडून सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) घेतो. चौकट ० ते ४० उत्तर, ५५ ते १०० पूर्व, किमान मॅग्निट्यूड २.५.

अडलंय ते इथे:

१. शेकडो भूकंपांची खोली बरोब्बर १० किमी. काहींची ३३ किंवा ३५. हे खरं कसं असेल?

२. २.५ मागितलं तरी ४ च्या खालचं जवळपास काहीच येत नाही.

३. तोच भूकंप दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या यादीत वेगळ्या जागी आणि वेगळ्या आकड्याने. दोन्ही याद्या जोडल्या की एकाचे दोन होतात.

४. तपासणी म्हणून ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारी शोधला. त्या तारखेला सापडलाच नाही.

५. नाशिकला विभागातच एक रास्पबेरी शेक (छोटं, स्वस्त भूकंपमापक) बसवला तर या सगळ्यात काही भर पडेल का?

---

भूतरंग

चौथ्यापासून सुरुवात करतो, कारण ते सगळ्यात सोपं आहे आणि बाकी हिशोबही त्याच्यामुळे बिघडत असतील. यादीतली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. किल्लारीचा धक्का आपल्याकडे ३० सप्टेंबरच्या पहाटे ३:५६ चा, म्हणजे यादीत २९ सप्टेंबर, रात्री २२:२५. कोयनेचंही तसंच. आपण ११ डिसेंबर १९६७ म्हणतो, यादी १० डिसेंबर म्हणते. १९४५ च्या मकरान भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या, तो यादीत २७ नोव्हेंबरला आहे, आपल्या घड्याळाने २८ ची पहाट. साठवताना जागतिक वेळच ठेवा, साडेपाच तास फक्त फलकावर दाखवताना मिळवा. आणि एक तपासा: दिल्लीच्या केंद्राच्या याद्या भारतीय वेळेत असतात. तुमच्या प्रश्न ३ मधल्या काही जोड्या निव्वळ या साडेपाच तासांमुळे जुळत नसतील.

आता चौकट. ० ते ४०, ५५ ते १०० यात अख्खा तिबेट, पामीर आणि तिएनशानचा तुकडा येतो. कोयना, किल्लारी, भूजही येतात, आणि हे तिन्ही भूपट्टाच्या पोटातले भूकंप आहेत, कडेचे नव्हेत. सेवा फक्त चौकट किंवा वर्तुळ घेते, बहुभुज घेत नाही. म्हणून मोठी चौकट उतरवायची आणि गाळणी आपल्या यंत्रावर लावायची. सीमारेषांसाठी पीटर बर्ड यांचं २००३ चं प्रारूप जिओजेसनमध्ये (नकाशाच्या माहितीची फाइल) मोफत मिळतं, ते पुरेसं आहे.

पण रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखंच अंतर घेऊ नका, इथे हमखास फसगत होते. भूपट्ट ज्या बाजूला खाली शिरतो त्या बाजूला भूकंप पसरतात. मला पटणारी मापं अशी:

हिमालय: दक्षिणेला ५० किमी, उत्तरेला १५०. सीमारेषा पायथ्याशी आहे, पण रोजचे छोटे भूकंप तिथून ८०-१०० किमी उत्तरेला, बृहद् हिमालयाच्या खाली १० ते २० किमी खोलीवर रांगेने होतात, कारण मुख्य प्रस्तरभंगाला (खडकांतल्या सरकणाऱ्या भेगेला) तिथे उतार आहे. २०१५ चा नेपाळमधला गोरखा भूकंप त्याच रांगेत सुरू झाला. २५० किमी घेतलंत तर ७ जानेवारी २०२५ चा तिबेटमधला डिंगरीचा भूकंपही आत येईल, आणि तो दाबाने नव्हे तर जमीन ताणली जाऊन झालेला आहे. वेगळी जात, वेगळा रकाना.

अंदमान-सुमात्रा: गर्तेच्या (समुद्रतळातली खोल चर, जिथे भूपट्ट खाली शिरतो) पश्चिमेला १००, पूर्वेला ३५०. पूर्वेकडचा आकडा मोठा वाटेल, पण बॅरन बेट आणि त्यामागचा अंदमान समुद्राचा फाटता तळ त्यातच धरायचा आहे. मात्र त्याला वेगळा रंग द्या. जानेवारी २००५ च्या अखेरीस तिथे पाचच्या वरचे शंभराहून जास्त धक्के काही दिवसांत झाले. ते गर्तेच्या खात्यात टाकले की आलेख वेडावाकडा होतो.

हिंदुकुश: ३५.५ ते ३७.५ उत्तर, ६९ ते ७२ पूर्व, आणि खोली ७० किमीपेक्षा जास्त ही अट सेवेलाच द्या. बहुतेक धक्के १८० ते २४० किमीवर असतात. दिल्ली, श्रीनगर हलतात ते वारंवार यांच्यामुळे, पण खोलीमुळे नुकसान तुलनेने कमी. नकाशावर खोलीनुसार रंग नसेल तर बघणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

म्यानमार: इथे दोन गोष्टी एकमेकींवर बसल्या आहेत. पश्चिमेला खोलवर शिरलेला भारतीय भूपट्ट (खोली साधारण १५० किमीपर्यंत) आणि मध्यभागी उथळ, आडवा सरकणारा सागाइंग प्रस्तरभंग, ज्यावर २८ मार्च २०२५ चा ७.७ झाला. खोली ५० च्या वर की खाली, एवढी एक अट लावली तरी दोघे बऱ्यापैकी वेगळे होतात.

मकरान मात्र भारतीय भूपट्टाची कड नाहीच. तो अरबी आणि युरेशियन यांच्यातला. आपली पश्चिम कड कराचीच्या जवळून चमन प्रस्तरभंगाने वर जाते आणि समुद्रात ओवेन पट्ट्याने दक्षिणेला. फलकावर मकरान ठेवा जरूर, अरबी समुद्रातल्या त्सुनामीचा तो मोठा उगम आहे, पण शीर्षक बदला.

जाता जाता: बलुचिस्तानच्या चौकटीत २८ मे १९९८ ला एक "भूकंप" दिसेल. ती चागाईची अणुचाचणी आहे. घटनेचा प्रकार या रकान्यात फक्त भूकंप मागा.

---

मापकाठी

प्रश्न १ आणि २ माझ्याकडे घेतो.

दहा किमी ही मोजलेली खोली नाही. खोली ठरवायला एक तरी नोंदणी केंद्र अपिकेंद्राच्या (भूकंपाच्या उगमाच्या बरोबर वरचा जमिनीवरचा बिंदू) जवळ, साधारण खोलीइतक्याच अंतरावर, असावं लागतं, नाहीतर पृष्ठभागावरून परतून आलेली लहर स्पष्ट मिळावी लागते. दोन्ही नसेल तर गणित सुटत नाही. मग विश्लेषक खोली १० वर बांधून टाकतो आणि उरलेलं सोडवतो. ३३ ही जुन्या काळची ठरीव किंमत, ३५ नंतरची. फसवणूक अशी की खोलीतील चूक या रकान्यात अशा नोंदींसमोरही १.८-१.९ किमी असा नीटनेटका आकडा दिसतो. त्यावर जाऊ नका. खोली नेमकी १०, ३३ किंवा ३५ असेल तर आपल्या तक्त्यात "बांधलेली" असा वेगळा रकाना करा आणि उभ्या छेदाच्या आकृतीतून त्या नोंदी वगळा. नाहीतर हिमालयाखाली १० किमीवर एक सरळ सपाट थर दिसेल आणि एखादा विद्यार्थी त्याला प्रस्तरभंग समजून प्रकल्पही लिहील.

सीएसव्हीत आणखी एक रकाना आहे, दिगंशातली पोकळी. अपिकेंद्राभोवतीच्या केंद्रांमधलं सर्वांत मोठं रिकामं कोनमाप. १८० अंशांच्या वर गेलं की सगळी केंद्रं एकाच बाजूला आहेत असं समजा आणि जागेवर फार विसंबू नका. अंदमानात बेटंच उत्तर-दक्षिण एका ओळीत, त्यामुळे छोट्या भूकंपांची जागा पूर्व-पश्चिम दिशेने सहज घसरते. नेमकी हीच दिशा गर्ता आणि मागचा समुद्र वेगळे करायला लागते, काय करणार.

आता २.५ चं. अमेरिकेबाहेर यूएसजीएस साधारण ४.५ च्या वरचे भूकंप नेमाने नोंदवतं, त्याखालचे जमेल तसे. तुम्ही २.५ मागितलंत म्हणून ते असतीलच असं नाही. यादी जिथून पुढे पूर्ण आहे तो आकडा प्रत्येक पट्ट्यासाठी आणि प्रत्येक कालखंडासाठी वेगळा काढा. पद्धत सोपी आहे: ०.१ च्या टप्प्याने मोजणी करा, सर्वांत उंच स्तंभ कुठे येतो ते बघा, त्यात ०.२ मिळवा. हा झाला उंबरठा. त्याखालचं नकाशावर दाखवायला हरकत नाही, मोजणीत मात्र घेऊ नका. "हिमालयात भूकंप वाढले" अशा बातम्यांपैकी पुष्कळ बातम्यांमागे केंद्रं वाढली एवढंच असतं. आणि मोठ्या भूकंपानंतरचे पहिले काही तास उंबरठा आपोआप वर चढतो, कारण लहान धक्के मोठ्यांच्या लहरींत बुडून जातात.

मॅग्निट्यूडचा प्रकार कोणता, हा रकानाही जपून ठेवा. आपल्या भागात ४ ते ५ मधले बहुतेक पृथ्वीच्या पोटातून येणाऱ्या लहरींवरून काढलेले (एमबी) आणि त्यावरचे आघूर्ण-मॅग्निट्यूड (एमडब्ल्यू). एमबी साडेसहाच्या आसपास थकतं, पुढे भूकंप कितीही वाढला तरी आकडा वाढत नाही. मोजणी करायची तर सगळे एका मापावर आणा. स्कॉर्डिलिस यांचं २००६ चं सूत्र चालतं: एमडब्ल्यू = ०.८५ × एमबी + १.०३, आणि तेही एमबी ३.५ ते ६.२ याच दरम्यान. डिंगरीला अमेरिकेने ७.१ दिलं, चीनने ६.८. यात कोणी चुकलं नाही, मापं वेगळी आहेत. फलकावर आकड्याशेजारी संस्था आणि माप दोन्ही छापा, म्हणजे फोन येणार नाहीत.

बी-मूल्य (मोठ्यांच्या तुलनेत लहान भूकंप किती, हे सांगणारा आकडा) काढणार असाल तर ०.४३४३ भागिले (सरासरी मॅग्निट्यूड वजा उंबरठा अधिक ०.०५). ते शेवटचं ०.०५ म्हणजे ०.१ च्या टप्प्याचा अर्धा. ते विसरलं की मूल्य सरळ दहा टक्क्यांच्या आसपास फुगतं. चूक ढोबळमानाने बी भागिले नोंदींच्या संख्येचं वर्गमूळ. ५० नोंदींवर १४ टक्के, ४०० वर ५ टक्के. पन्नास नोंदींवर काढलेले रंगीत बी-नकाशे बघवत नाहीत.

---

कातळ

पाचव्या प्रश्नाचं उत्तर: कडेच्या भूकंपांच्या यादीत एका उपकरणाने भर पडणार नाही. जागा काढायला निदान तीन-चार केंद्रं लागतात. पण विद्यार्थ्यांना लहर येताना दाखवायला आणि यादी कशातून तयार होते ते समजायला याच्याइतकी स्वस्त गोष्ट नाही.

एका अक्षाच्या शेकमध्ये ४.५ हर्ट्झचा उभा जिओफोन असतो, सेकंदाला १०० नमुने. दिवसाला साधारण १० ते १७ मेगाबाइट जागा. नाशिकपासून गोरखा १,४०० किमीच्या पुढे, पी लहर (सर्वांत आधी पोचणारी) यायला तीनेक मिनिटं. पोर्ट ब्लेअर सुमारे २,२०० किमी, साडेचार मिनिटं. कच्च्या नोंदीत काही दिसणार नाही, ०.७ ते २ हर्ट्झची गाळणी लावा. साडेपाच-सहाच्या वरचे मिळतील, त्याखाली नशीब. पी आणि तिच्या मागून येणारी एस लहर यांच्यामधल्या सेकंदांना ८ ने गुणून किलोमीटर काढायचा ठोकताळा कोयनेसाठी ठीक (नाशिकहून सुमारे २९० किमी, म्हणजे ३५ सेकंदांच्या आसपास). हिमालयासाठी तो वापरू नका, अंतर बरंच कमी येतं. पायथॉनच्या ऑब्सपाय संचातलं टाउपी (लहरींचा प्रवासवेळ काढणारं) वापरा, पृथ्वीच्या अंतरंगाचं प्रारूप आयएएसपी९१.

बसवताना: तळमजला, जमिनीला थेट टेकलेली फरशी, खाली चटई किंवा रबर नको, पाणपातळीचा (सपाटी तपासायच्या नळीचा) बुडबुडा मध्यावर. शक्य असेल तर कातळापर्यंत खणून एक फूट बाय एक फूट काँक्रीटचा ओटा घाला, तो इमारतीच्या पायापासून सुटा ठेवा. काळ्या मातीवर बसवलंत तर पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उपकरण कलतं. झाड जवळ नको, वारा मुळांतून येतो. पाण्याची मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची असेल तर वर्णपटात २४ हर्ट्झवर सरळ रेघ दिसेल. ती बघून घाबरू नका, गाळणीत जाते. जून ते सप्टेंबर समुद्राच्या लाटांची थरथर वाढते, तेव्हा गाळणीची खालची हद्द १ हर्ट्झवर न्या.

आपोआप ओळख हवी तर लहरींची सरासरी ताकद दोन खिडक्यांत काढा: छोटी १ सेकंद, लांब ३० सेकंद. छोटीचं लांबीशी गुणोत्तर ४ ला गेलं की इशारा सुरू, १.५ ला बंद. खोटे इशारे येणारच. वेळ इंटरनेटवरून घेत असाल तर वीज गेल्यावरची पहिली काही मिनिटं टाकून द्या, घड्याळ जुळेपर्यंत वेळेला अर्थ नसतो. छोटा यूपीएस घ्याच.

चांगली नोंद शेजारी दाखवायची तर हैदराबादचं एचवायबी केंद्र फ्रेंच जिओस्कोप जाळ्यात आहे आणि श्रीलंकेतलं पल्लेकेले जागतिक जाळ्यात. दोन्हींची तरंगनोंद खुली मिळते.

---

रेघोट्या

प्रचंड उपयोग झाला. किल्लारी २९ तारखेला सापडला! दोन गोष्टी राहिल्या. याद्या जोडायचा नियम काय ठेवू? आणि आफ्टरशॉक वेगळे काढायला गार्डनर-नोपॉफची १९७४ ची खिडकी (मॅग्निट्यूडनुसार अंतर आणि दिवसांची हद्द) लावली, तर १२ मे २०१५ चा नेपाळचा ७.३ स्वतंत्र मुख्य भूकंप म्हणून उरला. कोडमध्ये चूक आहे का?

---

भूतरंग

कोड ठीक आहे, खिडकीच तोकडी. त्या तक्त्यात ७.५ ला ८१ किमी आणि ८ ला ९४ किमी अंतर आहे, म्हणजे ७.८ ला ९० च्या आसपास. १२ मे चं अपिकेंद्र २५ एप्रिलच्या अपिकेंद्रापासून सुमारे १४० किमी पूर्वेला. पण जमीन फाटली होती काठमांडूच्या पुढे पूर्वेकडे, आणि हा धक्का त्या फाटलेल्या भागाच्या टोकाशी आला. अंतर बिंदूपासून मोजलं म्हणून तो सुटला. २००४ च्या सुमात्रा-अंदमानला तर सुमारे १,३०० किमी लांबी फाटली, तिथे ही खिडकी निव्वळ हास्यास्पद ठरते. साताच्या वरच्या प्रत्येक भूकंपासाठी यूएसजीएसच्या पानावरचं फाटलेल्या पृष्ठाचं प्रारूप घ्या आणि अंतर त्या चौकोनाच्या कडेपासून मोजा. असे भूकंप थोडेच आहेत, हाताने करता येईल. बाकीच्यांना तक्ता चालेल: ५ ला ४० किमी व १५५ दिवस, ६ ला ५४ किमी व ५१० दिवस.

११ एप्रिल २०१२ चे ८.६ आणि ८.२ सुद्धा हाताने बघा. दोन्ही गर्तेच्या पश्चिमेला, सागरी भूपट्टाच्या आतले, आडवे सरकलेले. मोठी त्सुनामी आली नाही ती त्यामुळेच. तुमच्या १०० किमीच्या पट्टीत पहिला अगदी काठावर येईल. अशा वेळी अंतराने नव्हे, सरकण्याच्या कोनाने ठरवा. ग्लोबल सीएमटी या भूकंपांच्या सरकण्याच्या प्रकाराच्या यादीत १९७६ पासून पाचच्या वरच्यांचा कोन मिळतो: ९० च्या जवळ म्हणजे दाब, उणे ९० म्हणजे ताण, ० किंवा १८० म्हणजे आडवी सरक.

---

मापकाठी

जोडणीचा नियम: वेळेत १६ सेकंद, अंतरात १०० किमी, दोन्ही एकदम जुळलं तर एकच घटना. सेकंद कमी करू नका. एकाने खोली १० बांधली आणि दुसऱ्याने ३५ काढली तर एवढ्यानेच उगमवेळेत तीन-चार सेकंदांचा फरक पडतो. मॅग्निट्यूड जुळणीसाठी वापरूच नका. मोठ्या भूकंपानंतरच्या पहिल्या तासात मात्र हा नियम दोन खरे धक्के एक करून टाकतो, तेवढ्या तासापुरती एकच संस्था धरा. माझं मत विचाराल तर मोजणीसाठी कायम एकच यादी, दुसरी फक्त नकाशावर. सरमिसळ यादीचा उंबरठा काढता येत नाही.

साठवताना संस्था आणि घटनेचा ओळखक्रमांक मिळून किल्ली करा, आणि जुनी नोंद पुसू नका, सुधारित नोंद तिच्याखाली ठेवा. सुधारलेली वेळ हा रकाना त्यासाठीच असतो. गोरखाचा पहिला आकडा ७.५ होता, मग ७.९, शेवटी ७.८. फलकावर "स्वयंचलित" आणि "तपासलेले" वेगळ्या खुणेने दाखवा. काही स्वयंचलित नोंदी नंतर रद्दही होतात. त्या तुमच्याकडे भुतासारख्या राहू नयेत म्हणून रद्द झालेल्याही मागायचा पर्याय सेवेत आहे, तो चालू ठेवा.

मागणी किती वेळाने: ताज्यासाठी दर पाच मिनिटांनी गेल्या दिवसाची जिओजेसन फाइल पुरे. तिच्यातली वेळ १९७० पासूनच्या मिलिसेकंदांत असते, हजाराने भागायला विसरू नका. रोज रात्री गेल्या ६० दिवसांची यादी पुन्हा उतरवा, कारण सुधारणा आठवड्यांनी येतात. जुनी यादी घेताना एका मागणीत २०,००० च्या वर नोंदी मिळत नाहीत, वर्षावर्षाचे तुकडे करा. २००५ साठी महिन्याचे तुकडे केलेत तर निश्चिंत राहाल.

---

कातळ

एक राहिलं. फलकावर "त्सुनामीची शक्यता" असा कुठलाही रकाना स्वतः तयार करू नका, सहाच्या वर आणि उथळ असं साधं गणित लावूनही नाही. ते काम हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचं आहे, त्यांच्याकडे समुद्रतळाचे दाबमापक आणि भरतीमापक आहेत. त्यांचं पत्रक जसंच्या तसं जोडा, वेळेसह.